चौथा पाहुणा

गेल्या वर्षी आपल्या मंडळाचे संकेतस्थळ नव्याने तयार करावयाचे ठरले आणि ते काम माझ्या पुतण्याकडे आले. संगणकाचा त्याचा व्यवसाय इथे इंदूरलाच आहे. मंडळाचे काम म्हणून त्याने मोबदला घेतला नाही, परंतु काम मात्र मोबदला घेतल्यासारखे चोख केले. एके संध्याकाळी तो घरी आला आणि पडद्यावरचे एक हिरवे वर्तुळ दाखवून म्हणाला, "काका, शंभरपैकी शहाण्णव!" कशाचे गुण, असे विचारले तेव्हा समजले की गूगलचे एक परीक्षायंत्र आहे. त्याला संकेतस्थळाचा पत्ता दिला की पान किती त्वरेने उघडते ते पाहून ते गुण देते. "पण त्याने होतं काय?" मी विचारले. "लोकांना पान लवकर दिसतं आणि शोधात आपण वर येतो," तो म्हणाला.

त्या वाक्यातला 'आणि' माझ्या मनात राहिला. नोटशीटवर एकाच प्रस्तावाची दोन कारणे शेजारी शेजारी आली की त्यांतले एक दाखवण्याचे आणि दुसरे खरे असते, असा माझा तीसहून अधिक वर्षांच्या नोकरीतला अनुभव आहे. आपण पाहुण्यासाठी घर झाडतो की पाहुण्याने बाहेर जाऊन आपली वाखाणणी करावी म्हणून झाडतो? झाडले तर जातेच, मग चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. मीही प्रथम तसेच म्हणालो होतो.

मराठीत वाट पाहण्याला शब्द पुष्कळ आहेत, पण ते सारे एका अर्थाचे नाहीत. प्रतीक्षा माणूस आपखुशीने करतो आणि तीत थोडी गोडीही असते. आमची आजी बडोद्याला दिलेल्या लेकीच्या पत्राची आठ-आठ दिवस वाट पाही, पण पोस्टमनवर ती कधी रागावल्याचे मला आठवत नाही. ताटकळणे निराळे आणि तिष्ठत राहणे त्याहूनही निराळे. 'तिष्ठत' या शब्दापाठोपाठ बहुधा 'ठेवणे' हे क्रियापद येते, म्हणजे तेथे ठेवणारा कोणीतरी असतो. सरकारी कचेरीत ज्याने दिवस काढले आहेत त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. दाराशी शिपाई, आत गेलेली चिठ्ठी आणि बाहेरचा बाक. साहेब जितका मोठा तितका बाक लांब. आलेल्या माणसाला लगेच आत घेतले तर आपले वजन कमी होते, असे एका वरिष्ठांनी मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगितले होते. सांगायला लाज वाटते, पण काही काळ मी ते पाळलेही.

संथ उघडणारे संकेतस्थळ हा तोच बाक आहे. फरक इतकाच की बाकावर बसलेला माणूस येता-जाता साहेबाच्या नजरेस पडत असे. येथे तो कोणालाच दिसत नाही.

माणूस किती वेळ थांबू शकतो याचाही अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली केलेल्या विचारावरून जेकब नील्सन यांनी १९९३ साली तीन मर्यादा सांगितल्या. कळ दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर आले तर ते आपणच केले असे वाटते. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जाते. जगातली यंत्रे त्यानंतर पार बदलली, पण माणसाचे मन तेच राहिल्यामुळे या तीन आकड्यांना अजून धक्का लागलेला नाही.

उशीर होतो तरी कुठे, हे मी पुतण्याकडून समजून घेतले. पहिला उशीर अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवलेले पान इंदुरात मागवायचे तर जाण्यायेण्यातच सेकंदाचा आठवा भाग जातो. पहिले अक्षर येण्यापूर्वी दोन्ही यंत्रांची ओळखपाळख होण्यासाठी अशा तीन-चार फेऱ्या होतात. म्हणजे अर्धा सेकंद केवळ नमस्कार-चमत्कारात खर्च. यावर उपाय म्हणून पानाची प्रत मुंबईसारख्या जवळच्या ठिकाणी ठेवतात. दुसरा उशीर वजनाचा. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एकच पुरतो. तरीही आपल्या अंकातला दोन हजार शब्दांचा लेख चाळीस केबीच्या आतबाहेर बसतो आणि दाबून पाठवला तर त्याच्याही बराच खाली येतो. उलट कोजागिरीच्या कार्यक्रमाचा मोबाईलवर काढलेला एक फोटो सहज चार एमबीचा असतो. शंभर लेख एका पारड्यात आणि मसाला-दुधाच्या पेल्यांचा एक फोटो दुसऱ्या! पुतण्याने फोटो लहान केले, नव्या पद्धतीने साठवले आणि वाचक खाली सरकेल तेव्हाच ते यावेत अशी व्यवस्था केली. जोडाक्षरांमुळे आपल्या लिपीचा टंक जड होतो, त्यातलीही नको असलेली चिन्हे काढून टाकली. तिसरा उशीर आज्ञावलीचा, आणि त्यात नैतिक प्रश्न अधिक आहे. पानाबरोबर जी आज्ञावली येते तिच्यातला मोठा वाटा पुष्कळदा वाचकासाठी नसतोच. तो कोठून आला, काय पाहिले, किती वेळ थांबला, याच्या नोंदी घेण्यासाठी आणि त्याला जाहिराती दाखवण्यासाठी तो असतो. पाहुण्याच्या डोक्यावर आपलेच ओझे द्यायचे आणि वर तो सावकाश चालतो म्हणायचे, असा हा प्रकार आहे.

आता त्या 'आणि'कडे वळतो. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यांनी १७८५ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो अजाण गिऱ्हाइकाला फसवत नाही. लहान मूल आले तरी त्यालाही तोच भाव. परंतु तो असे वागतो ते सचोटी धंद्याला हितकारक म्हणून, सचोटी हे कर्तव्य म्हणून नव्हे. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून निघालेले नाही, असे कान्ट म्हणतात. मुलाच्या हाती साखर पुरतीच पडते, मग त्याला या भेदाचे काय? महाविद्यालयात असताना मला हा कान्टचा काथ्याकूट वाटला होता. त्याचा अर्थ कळायला संकेतस्थळाचे गुण पाहावे लागतील, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

गूगलने संकेतस्थळाचा वेग शोधाच्या क्रमवारीत धरायला २०१० साली आरंभ केला. २०१८ च्या जुलैपासून मोबाईलवरील शोधातही तो धरला जाऊ लागला. मात्र त्याचा फटका अतिसंथ पानांनाच बसेल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. २०२१ साली आणखी काटेकोर मापे लागू झाली. पानावरचा सर्वांत मोठा मजकूर वा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसले पाहिजे. वाचता वाचता ओळी खाली-वर उडता कामा नयेत. वाचकाने बोट टेकवल्यावर पानाने किती लवकर हालचाल करावी यासाठी २०२४ च्या मार्चपासून नवे माप आले, त्याची मर्यादा सेकंदाच्या पाचव्या भागाची आहे. ही मापे चांगली आहेत यात शंका नाही. क्रमवारीत मजकुराचे महत्त्व वेगाहून फार अधिक, हेही गूगल सांगत असते. तरी शोधात वर येण्याच्या लोभाने का होईना, दुकानदार पुरते माप घालू लागले. हे थोडे नव्हे.

पण या मापात एक बारीक अट आहे. पान उत्तम ठरण्यासाठी सर्व भेटी अडीच सेकंदांत बसाव्या लागत नाहीत, शंभरातल्या पंचाहत्तर बसल्या की पुरे. म्हणजे चार पाहुण्यांतल्या तिघांना वेळेवर पान वाढले की यजमान उत्तीर्ण. चौथा उंबऱ्यावर उभा असला तरी यजमानाच्या गुणांत फरक पडत नाही. अट अव्यवहार्य नाही, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. डोंगरावर उभ्या असलेल्या एखाद्याचे जाळे तुटले तर तो संकेतस्थळाचा दोष कसा? परंतु कान्टच्या दुकानदाराची परीक्षा नेमकी येथेच होते. गुणांसाठी वागणारा तिसऱ्या पाहुण्यापाशी थांबतो, कारण त्याचे काम तेथे संपलेले असते. चौथ्याकडे वळून पाहण्याचे कारण त्याच्यापाशी उरतच नाही.

आपल्या मंडळासारख्यांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. ही मापे क्रोम न्याहाळक वापरणाऱ्यांच्या खऱ्याखुऱ्या भेटींवरून काढली जातात आणि भेटी पुरेशा नसतील तर आकडाच निघत नाही. आपले अंक वाचणारे शे-दोनशे लोक. गूगलच्या वहीत आपल्या नावापुढे बहुधा रिकामी जागा आहे. आपण वेगवान असलो तर बक्षीस नाही, संथ असलो तर शिक्षा नाही. निष्काम कर्माची संधी इतक्या स्वच्छ रूपात क्वचितच मिळते, असे मी पुतण्याला म्हणालो. त्याने "हो का" म्हणून चहा घेतला.

चौथा माणूस वहीत का येत नाही, याची एक खरी हकीकत आहे. २००९ च्या सुमारास यूट्यूबमध्ये काम करणारे ख्रिस झकारायस यांच्या लक्षात आले की चित्रफितीचे पान १.२ एमबीइतके जड झाले आहे. त्यांनी ते कष्टाने उतरवीत ९८ केबीवर आणले आणि थोड्या लोकांसाठी खुले केले. नंतर आकडे पाहिले तर पान उघडण्याचा सरासरी वेळ वाढलेला! हलके पान जड पानाहून सावकाश कसे उघडेल? शेवटी भेटी कोणत्या प्रदेशांतून आल्या ते पाहिल्यावर उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरियाचे दूरचे भाग येथून पाहणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली होती. जुने पान त्यांच्याकडे उघडायला वीस मिनिटांहून अधिक लागत, म्हणून ते कधी आलेच नव्हते. नवे पान दोन मिनिटांत उघडू लागले, तेव्हा ते आले आणि त्यांच्या त्या दोन मिनिटांनी सरासरी बिघडवली. झकारायस यांनी २०१२ साली ही हकीकत लिहून ठेवली आहे. जुन्या सरासरीत हे लोक नव्हते. म्हणजे जुना सुंदर आकडा त्यांच्या गैरहजेरीवर उभा होता.

ही हकीकत पुतण्याने सांगितली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण असा एक सुंदर आकडा मीही एकदा वर पाठवला आहे.

गोष्ट साधारण तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. मध्य प्रदेशात २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा झाला, देशातला तशा प्रकारचा पहिला. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड. नागरिकाच्या वेळेला कायद्याने किंमत दिली याचा आम्हा काही जणांना खरोखर अभिमान होता. त्याच दिवसांत मी ज्या विभागात होतो (नाव येथे नको) तेथे विद्यार्थ्यांचे अर्ज संकेतस्थळावरून घेण्यास सुरुवात झाली. त्या संकेतस्थळाच्या नस्तीवर माझी सही आहे. मुख्य पानावर एकामागून एक सरकणारी मोठी छायाचित्रे होती, उद्घाटनांची आणि मान्यवरांची. खाली धावती ओळ. भोपाळला आमच्या कक्षात ते पान पाहता पाहता उघडे. आम्ही चार अधिकाऱ्यांनी चार वेळा उघडून पाहिले आणि "परीक्षण समाधानकारक" असा शेरा लिहिला.

अर्जांची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी मी पश्चिमेकडील एका आदिवासीबहुल तालुक्याच्या गावी तपासणीला गेलो होतो. बाजारात कियोस्कपुढे रांग दिसली म्हणून उतरलो. आत एक मुलगी आणि तिचा बाप बसले होते. मुलीच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पडद्यावर आमचे पान वरून खाली, पट्टीपट्टीने उमटत होते. प्रथम मान्यवरांचे कपाळ, मग चष्मा. अर्जाचे पान येईपर्यंत आत शिरल्याची मुदत संपे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते काल दिवसभर येथेच होते आणि आज सकाळपासून पुन्हा. म्हणजे बापाच्या दोन दिवसांच्या मजुरीवर पाणी. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हते. "क्या हुआ?" असे विचारल्यावर तो जरा अदबीने म्हणाला, "मशीन सोच रही है, साब."

त्याला राग आलेला नव्हता. यंत्र विचार करीत आहे, म्हणजे काहीतरी मोठेच काम चालले असेल, अशी त्याची समजूत. मान्यवरांच्या चष्म्यासाठी आपण येथे बसलो आहोत हे त्याला कोण सांगणार? मी सांगितले नाही. मी कियोस्कवाल्याला "लक्ष द्या" असे म्हणालो आणि गाडीत बसलो.

भोपाळला परतल्यावर छायाचित्रे काढून टाकावीत अशी टीप मी लिहिली. उत्तर आले की छायाचित्रांचा क्रम शिष्टाचाराप्रमाणे वरून मंजूर झाला आहे, बदल करावयाचा तर पुन्हा वरूनच मंजुरी लागेल. आणि या संबंधात तक्रारी किती आल्या, असे विचारण्यात आले. तक्रारींचा तक्ता मी पाहिला. तक्रार नोंदवण्याची सोय त्याच संकेतस्थळावर, आतल्या तिसऱ्या पानावर होती. तक्रारी निरंक होत्या. मी तक्त्यावर 'निरंक' लिहून सही केली आणि पुढल्या कामाला लागलो. त्या मुलीचा अर्ज भरला गेला की नाही ते मला माहीत नाही. पाहायचे ठरवले असते तर पाहता आले असते.

ही गोष्ट जुनी झाली, असे पुतण्याचे म्हणणे. २०१६ नंतर मोबाईलवरील डेटा स्वस्त झाला, खेड्यापाड्यांत पोचला, आता कोण कुठे अडते? यात पुष्कळ तथ्य आहे. पण रस्ता रुंद झाला तशा गाड्याही रुंद झाल्या. २०१० च्या अखेरीस सर्वसाधारण संकेतस्थळाचे पान अर्ध्या एमबीच्या आसपास असे, आता ते दोन एमबीच्या पुढे गेले आहे. शिवाय वाहिनी कितीही वेगवान झाली तरी पानाबरोबर आलेली आज्ञावली शेवटी हातातल्या फोनलाच चालवावी लागते, आणि स्वस्त, जुना फोन तेथे धापा टाकतो. मागे पडण्याचे ठिकाण तेवढे बदलले. मागे पडणारा बहुधा तोच आहे.

माळव्यातल्या आपणा मराठी मंडळींना अहिल्याबाईंचे नाव घेतल्याशिवाय दानधर्माचा विषय पुरा करता येत नाही, ही आपली जुनी खोड. तरी या वेळी ते सकारण घेतो. त्यांनी ठिकठिकाणी विहिरी आणि बारवा बांधल्या, स्वतः कधी न पाहिलेल्या वाटसरूंसाठी. साध्या विहिरीवर पाणी प्यायचे तर वाटसरूने आपला दोर आणि पोहरा आणावा लागतो. बारवेला पायऱ्या असतात. ज्याच्याजवळ दोर नाही तोही खाली उतरून ओंजळीने पितो. बांधायला बारव अधिक कष्टाची, अधिक खर्चाची. हलके पान बांधणेही तसेच कष्टाचे आहे, जड पान आपोआप होते. बारवेवर किती जण ओंजळीने प्याले याची नोंद माझ्या माहितीप्रमाणे कोणी ठेवली नव्हती.

एवढे सर्व बोलून झाल्यावर मी पुतण्याला एक फोन लावायला सांगितले. निमाडात आपल्या मंडळाच्या एक जुन्या सभासद बाई राहतात, वय ऐंशीच्या पुढे. नातवाने टाकून दिलेला फोन त्या वापरतात. त्यांना आपले संकेतस्थळ उघडायला सांगितले आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. एकोणीस सेकंद लागले. पुतण्या ओशाळला. शहाण्णव गुण मेजावरच्या संगणकाचे होते, मोबाईलचे निराळे असतात. ते त्याने मग दाखवले: अठ्ठावन्न, वर्तुळ नारिंगी. "कार्यक्रमांचे फोटो मी लहान केलेत, काका. जड आहे ते पहिल्या पानावरचं सरकतं दालन. ते तसंच ठेवायला मला सांगितलं होतं." त्या दालनात मंडळाच्या अकरा पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आहेत. आठवे माझे.

दालन मुख्य पानावरून काढून आत स्वतंत्र पानावर न्यावे, असा लेखी प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. दोन बैठकांत त्यावर चर्चा झाली. पदाधिकाऱ्यांचा मान राहिला पाहिजे असे काहींचे मत पडले, आणि या संबंधात तक्रार कोणाची आली आहे, असे एकाने विचारले. विषय पुढील बैठकीवर गेला आहे. तोपर्यंत बाईंना मी अंक छापून टपालाने पाठवतो. तो तिसऱ्या दिवशी पोचतो.